पासवर्ड न साठवता पासवर्ड तपासायचा कसा? हॅश आणि सॉल्ट, अगदी पहिल्यापासून

वेबसाइट बनवायला शिकताना बहुतेकांच्या वाट्याला येणारं पहिलं खरं काम म्हणजे नोंदणी आणि लॉगिन. एक फॉर्म, एक 'यूजर्स' नावाचं टेबल, त्यात नाव, ईमेल आणि पासवर्ड असे तीन कॉलम. फॉर्ममधून आलं ते टेबलात टाकायचं, लॉगिनच्या वेळी जुळतंय का बघायचं, झालं. साइट चालते, सगळे खूश. पण त्या तिसऱ्या कॉलममध्ये आता लोकांचे पासवर्ड जसेच्या तसे पडलेले आहेत आणि माणसं एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरतात. तुमची साइट एखाद्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्यांची का असेना, तिथला पासवर्ड त्या सभासदाच्या ईमेललाही चालण्याची शक्यता बरीच असते. एकदा ईमेल हातात आलं, की 'पासवर्ड विसरलात?' या एका बटणावरून बाकीची खाती उघडत जातात.

म्हणून ही जबाबदारी साइटच्या आकारावर ठरत नाही. नवीन डेव्हलपरने शिकायच्या गोष्टींत हिला मी फार वरचा क्रमांक देतो. काम अवघडही नाही. नीट समजून घेतलं तर एका दुपारीत होतं.

आधी एक गृहीतक पक्कं करा

डेटाबेस कधी ना कधी बाहेर जाणार, असं धरून चाला. एसक्यूएल इंजेक्शन (फॉर्मच्या रकान्यातून डेटाबेसला चोरून आज्ञा देणं) हा एक मार्ग झाला, पण तो एकटाच नाही. कुणीतरी बॅकअपची फाइल उघड्या फोल्डरमध्ये ठेवतं, टेस्ट सर्व्हरवर खऱ्या डेटाची कॉपी टाकतं, नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर जुना डंप, म्हणजे डेटाबेसची पूर्ण कॉपी, राहून जातो. तुम्ही कुलपं लावायचीच आहेत, पण पासवर्ड साठवण्याची पद्धत ठरवताना प्रश्न एकच विचारायचा: उद्या हे टेबल चोराच्या हातात पडलं, तर त्याला त्यातून काय मिळेल?

रॉकयू या कंपनीच्या बाबतीत उत्तर होतं, 'सगळं'. डिसेंबर २००९ मध्ये एसक्यूएल इंजेक्शनने त्यांच्याकडून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर गेले, तेही साध्या मजकुरात. '१२३४५६' हा एकच पासवर्ड २ लाख ९० हजार लोकांचा होता. ती यादी आजही पासवर्ड फोडणाऱ्या प्रत्येकाच्या हाताशी असते आणि पुढे मी 'शब्दयादी' म्हणेन तेव्हा असल्याच याद्या डोळ्यांसमोर ठेवा.

पायरी १: हॅश म्हणजे काय ते समजून घ्या

हॅश फंक्शनला कितीही लांबीचा मजकूर द्या, ते ठरावीक लांबीचं उत्तर देतं. एसएचए-२५६ चं उत्तर नेहमी २५६ बिटांचं, म्हणजे सोळाच्या पायात लिहिलं तर ६४ अक्षरांचं. तोच मजकूर पुन्हा दिला तर तेच उत्तर येतं. मजकुरात एक अक्षर बदललं तर उत्तर पूर्ण बदलतं, आधीच्याशी त्याचा काही मेळ दिसत नाही. आणि उत्तरावरून मूळ मजकुराकडे जायचा रस्ता नसतो. एकच उपाय उरतो: अंदाज करायचा, त्याचा हॅश काढायचा आणि जुळतो का बघायचं.

यातूनच लॉगिनची युक्ती निघते. नोंदणीच्या वेळी पासवर्डचा हॅश काढून तेवढाच ठेवायचा, मूळ पासवर्ड विसरून जायचा. लॉगिनला आलेल्या पासवर्डचा पुन्हा हॅश काढायचा आणि ठेवलेल्याशी ताडून बघायचा. जुळला तर माणूस खरा. या सगळ्यात तुम्हाला, तुमच्या सर्व्हरला किंवा तुमच्या साहेबांना त्याचा पासवर्ड माहीत असण्याची गरजच पडत नाही.

पायरी २: 'एन्क्रिप्ट करून ठेवू' हा विचार सोडा

नवीन मुलं हमखास विचारतात, 'हॅश कशाला, एन्क्रिप्ट करूया की! लागला तर परत मिळेल.' परत मिळतो, हीच त्यातली अडचण. एन्क्रिप्शनला चावी लागते, ती चावी सर्व्हरवरच कुठेतरी असते आणि ज्याला सर्व्हरमध्ये शिरता आलं त्याला बहुतेक वेळा चावीही सापडते.

ॲडोबीचं प्रकरण मात्र असं आहे की तिथे चावी न सापडताही पासवर्ड उघडे पडले. ऑक्टोबर २०१३ मध्ये ही चोरी जाहीर झाली आणि बाहेर फिरू लागलेल्या फाइलमध्ये सुमारे १५ कोटी नोंदी होत्या. पासवर्ड ट्रिपल डेस या पद्धतीने एन्क्रिप्ट केलेले, सगळ्यांना एकच चावी, आणि मोड ईसीबी. ईसीबीमध्ये आठ-आठ बाइटांचा प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे एन्क्रिप्ट होतो, त्यामुळे सारख्या तुकड्याचं उत्तर कायम सारखंच येतं. ज्यांचा पासवर्ड एक, त्यांच्या नोंदीतली सांकेतिक ओळही एक. त्यावर कळस म्हणजे शेजारच्या कॉलममध्ये लोकांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेले इशारे साध्या मजकुरात होते. एकाच सांकेतिक ओळीपुढे हजारो माणसांचे हजारो इशारे. एकाने 'एक ते सहा' असं लिहिलं, की त्याच्या जोडीचे बाकीचे सगळे उघडे पडतात, त्यांनी स्वतः काहीही लिहिलेलं नसलं तरी. '१२३४५६' वापरणारे तिथे सुमारे १९ लाख निघाले.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पासवर्ड परत मिळवता येईल अशी सोयच ठेवू नये. आणि दोन माणसांचे पासवर्ड सारखे असले तरी टेबलात ते सारखे दिसता कामा नयेत.

पायरी ३: नुसता हॅश का पुरत नाही

२०१२ च्या जूनमध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश इंटरनेटवर आले. पुढे २०१६ मध्ये कळलं की त्या चोरीतले ११ कोटी ७० लाख ईमेल आणि पासवर्ड-हॅश विक्रीला निघालेत. लिंक्डइनने साधा मजकूर ठेवला नव्हता, एसएचए-१ ने हॅश केला होता. तरीही त्यातले बहुतेक पासवर्ड फुटले.

कारण हॅश उलटवावा लागतच नाही. चोर शब्दयादी घेतो, प्रत्येक शब्दाचा हॅश एकदा काढतो आणि तो टेबलातल्या सगळ्या नोंदींत शोधतो. एकदा केलेली मेहनत ११ कोटी लोकांवर एकदम लागू पडते. त्यापुढे जाऊन असे हॅश आधीच काढून तयार कोष्टकं ठेवता येतात. फिलिप ओक्स्लिन यांनी २००३ मध्ये मांडलेली रेनबो टेबलं याच जातीची. त्यांत जागा वाचवण्याची चतुराई आहे, पण गाभा तोच: कष्ट आधी, फळ कितीही वेळा.

पायरी ४: प्रत्येकाला वेगळा सॉल्ट

हा उपाय तुमच्या-माझ्या साइटींपेक्षा फार जुना आहे. बेल लॅब्जमधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये युनिक्सच्या पासवर्डांविषयी एक लेख लिहिला. तेव्हा हॅश ज्या फाइलमध्ये असत ती फाइल सिस्टिमवरच्या कुणालाही वाचता येई, म्हणजे 'चोराच्या हातात पडली तर' हा प्रश्न त्यांच्यापुढे रोजचाच होता. त्यांनी ३,२८९ पासवर्ड गोळा करून पाहिले, तर ८६ टक्के या ना त्या कारणाने सहज सापडण्यासारखे निघाले. त्यांनी काय केलं? प्रत्येक पासवर्डला १२ बिटांचा एक आकडा जोडला, तो हॅशमध्ये मिसळला आणि हॅशशेजारीच लिहून ठेवला. त्यामुळे एकाच पासवर्डची ४,०९६ वेगवेगळी उत्तरं येऊ शकत. तोच सॉल्ट. आज आपण तो १६ बाइटांचा, म्हणजे १२८ बिटांचा घेतो.

टेबलात काय फरक पडतो ते जवळून बघू. सुनीता आणि प्रकाश या दोघांचाही पासवर्ड '१२३४५६' आहे. सॉल्ट नसेल तर दोन ओळींत तंतोतंत एकच हॅश दिसेल. चोराला तो फोडायचीही गरज नाही, दोघांचा पासवर्ड एक आहे आणि तो बहुधा लोकप्रिय आहे, एवढं त्याला बघताक्षणी कळतं. आता नोंदणीच्या वेळी सुनीतासाठी १६ यादृच्छिक बाइट काढले, प्रकाशसाठी वेगळे १६ काढले आणि प्रत्येकाचे बाइट त्याच्या पासवर्डबरोबर हॅशमध्ये घातले. दोन ओळी आता एकमेकींसारख्या अजिबात दिसत नाहीत. तयार कोष्टकं निकामी होतात, कारण सुनीताच्या सॉल्टसाठी कुणी आधी कोष्टक करून ठेवलेलं नसतं. आणि शब्दयादीतला '१२३४५६' सुनीतावर तपासला तरी प्रकाशसाठी तो हॅश पुन्हा पहिल्यापासून काढावा लागतो. दहा लाख सभासद असतील तर काम दहा लाख पटींनी वाढलं.

सॉल्ट गुप्त नसतो, हे बऱ्याच जणांना पटत नाही. तो हॅशच्या शेजारीच असतो आणि टेबलाबरोबर तोही चोरीला जातो. चालतं, कारण तो लपवण्यासाठी नाहीच. प्रत्येक नोंदीवर स्वतंत्र मेहनत करायला लावणं एवढंच त्याचं काम. त्याची मर्यादाही यातच कळते. चोराला फक्त सुनीताच हवी असेल, तर '१२३४५६' हा पासवर्ड त्याला सॉल्ट असूनही पहिल्याच फटक्यात मिळेल.

सॉल्टच्या बाबतीत ज्या गफलती होतात त्या ठरलेल्या आहेत. सगळ्या साइटला मिळून एकच सॉल्ट ठेवणं ही पहिली. त्याने सुनीता आणि प्रकाशच्या ओळी पुन्हा सारख्या होतात. वापरकर्त्याचं नाव किंवा ईमेल सॉल्ट म्हणून वापरणं ही दुसरी; 'ॲडमिन' हे नाव जगातल्या असंख्य साइटींवर आहे, त्यासाठी कोष्टक आधीच करता येतं. तिसरी म्हणजे साध्या रँडम फंक्शनने सॉल्ट काढणं. खेळात फासे टाकायचं फंक्शन इथे नको, भाषेतलं क्रिप्टोग्राफीसाठीचं यादृच्छिक फंक्शन हवं. आणि पासवर्ड बदलला की सॉल्टही नवा. सुदैवाने पायरी ६ मधली लायब्ररी वापरलीत तर यातलं काहीच तुम्हाला हाताने करावं लागत नाही.

पायरी ५: हॅश मुद्दाम संथ करा

आता उरला तो वेगाचा प्रश्न, आणि माझ्या मते नवशिक्यांकडून सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. सॉल्ट टाकला म्हणजे झालं असं समजून लोक एसएचए-२५६ वर थांबतात.

एमडी५, एसएचए-१, एसएचए-२५६ ही फंक्शनं मोठमोठ्या फाइली झटपट तपासता याव्यात म्हणून बनली आहेत. वेग हा त्यांचा गुण आहे आणि पासवर्डच्या बाबतीत तोच घातक ठरतो. हॅशकॅट हे पासवर्ड फोडायचं प्रसिद्ध साधन. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या गेमिंगच्या एका ग्राफिक कार्डावर ते सेकंदाला सुमारे १६,००० कोटी एमडी५ हॅश काढतं. इंग्रजीतल्या आठ लहान अक्षरांचे सगळे मिळून पासवर्ड होतात सुमारे २०,९०० कोटी. म्हणजे दीड सेकंदाच्या आत सगळे तपासून झाले.

मॉरिस आणि थॉम्पसन यांनी १९७९ मध्येच हे ओळखलं होतं. त्यांनी डेस हा सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) एकदा चालवून न थांबता ओळीने २५ वेळा चालवला, तो याचसाठी. पण २५ हा आकडा कायमचा होता आणि यंत्रं वेगवान होत गेली. १९९९ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी बीक्रिप्ट आणलं. त्यात 'कॉस्ट' नावाचा एक आकडा आपल्या हातात असतो आणि तो एकाने वाढवला की काम दुप्पट होतं. त्याच कार्डावर कॉस्ट ५ असेल तर सेकंदाला सुमारे १.८ लाख बीक्रिप्ट निघतात. कॉस्ट १२ म्हणजे काम १२८ पट, तिथे सेकंदाला जेमतेम १,४०० निघतात. तेच २०,९०० कोटी पासवर्ड आता तपासायला साडेचार वर्षांहून जास्त लागतील, आणि सॉल्टमुळे तेही एका माणसासाठी.

तुमच्या खऱ्या वापरकर्त्याला मात्र लॉगिनला पाव सेकंद जास्त लागला तरी जाणवत नाही. चोराला अब्जावधी वेळा लागणारा वेळ त्याला एकदाच द्यावा लागतो.

ग्राफिक कार्डांची ताकद म्हणजे हजारो छोटी गणितं एकाच वेळी करणं. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक हॅशला भरपूर मेमरी लागेल अशी फंक्शनं आली. कॉलिन पर्सिव्हल यांचं २००९ मधलं एसक्रिप्ट हे त्यातलं गाजलेलं. २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगची खुली स्पर्धा लक्झेंबर्ग विद्यापीठातल्या बिर्युकोव्ह, डिनू आणि ख्होव्रातोविच यांच्या आर्गॉन२ ने जिंकली. आज नवीन साइट सुरू करत असाल तर त्यातला आर्गॉन२आयडी हा प्रकार घ्या.

पायरी ६: लायब्ररी निवडा, स्वतः काही रचू नका

'एसएचए-२५६ चा एमडी५, मग मध्ये आपला एक गुप्त शब्द, मग उलटं करून पुन्हा हॅश' असल्या घरगुती रचना मी खूप पाहिल्या आहेत. सोर्स कोड डेटाबेसबरोबरच चोरीला गेला की त्यांचं गुपित संपतं, आणि वेगाचा प्रश्न तसाच राहतो. करायचं ते एवढंच:

आर्गॉन२आयडी उपलब्ध असेल तर तो, वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेच्या सल्ल्याप्रमाणे किमान १९ मेबीबाइट मेमरी, २ फेऱ्या आणि १ समांतर धागा ठेवून. नाहीतर बीक्रिप्ट; कॉस्ट १० च्या खाली कधीच नको, मी १२ सुचवेन. एखाद्या नियमामुळे पीबीकेडीएफ२ (साधा हॅश पुन्हा पुन्हा चालवून संथ करणारी पद्धत) च वापरावं लागत असेल तर एसएचए-२५६ सह ६ लाख फेऱ्या.

पीएचपीमध्ये २०१३ पासून, म्हणजे ५.५ आवृत्तीपासून, पासवर्ड-हॅश आणि पासवर्ड-व्हेरिफाय ही दोन फंक्शनं भाषेतच आहेत. आकडे ती स्वतः बदलत नेतात: बीक्रिप्टची मूळ कॉस्ट १० होती, ८.४ मध्ये ती १२ झाली. पायथनमधलं जँगो हे फ्रेमवर्क वापरत असाल तर पीबीकेडीएफ२ आधीच लावलेलं असतं, सेटिंगमध्ये आर्गॉन२ वर नेता येतं. रेल्स, लाराव्हेल, स्प्रिंग सिक्युरिटी यांतही तयार सोय आहे. आधी तुमच्या फ्रेमवर्कचं त्याविषयीचं पान वाचा, मगच कोड लिहायला बसा.

लायब्ररी जे परत देते ती एक सलग ओळ असते. बीक्रिप्टची ओळ बरोबर ६० अक्षरांची. सुरुवातीला डॉलरच्या चिन्हांमध्ये पद्धतीची आवृत्ती आणि कॉस्ट, ही ७ अक्षरं. पुढची २२ अक्षरं म्हणजे सॉल्ट. शेवटची ३१ म्हणजे हॅश. सॉल्टसाठी वेगळा कॉलम करू नका, तो आतच आहे. तपासणारं फंक्शन त्याच ओळीतून कॉस्ट आणि सॉल्ट वाचून घेतं. कॉलम मात्र २५५ अक्षरांचा ठेवा. आज ६० पुरतील, पण उद्या पद्धत बदलली की ओळ लांबेल, आणि कॉलम अपुरा पडून शेवटची अक्षरं कापली गेली तर सगळ्यांचं लॉगिन बंद पडेल.

लॉगिनचा सांगाडा मराठीत लिहिला तर असा दिसेल:

लॉगिन(ईमेल, पासवर्ड):
  नोंद = टेबलात_शोधा(ईमेल)
  जर नोंद सापडली नाही:
    हॅश_तपासा(पासवर्ड, नमुना_ओळ)
    परत द्या "ईमेल किंवा पासवर्ड चुकला"
  जर हॅश_तपासा(पासवर्ड, नोंद.ओळ) जुळला नाही:
    परत द्या "ईमेल किंवा पासवर्ड चुकला"
  जर ओळ_जुन्या_पद्धतीची(नोंद.ओळ):
    नोंद.ओळ = हॅश_बनवा(पासवर्ड)
  सत्र_सुरू_करा(नोंद)

नोंदच नसताना नमुना ओळीवर हॅश तपासायचा उद्योग का? हॅश संथ आहे म्हणून. नोंद नाही म्हणून लगेच उत्तर दिलंत, तर उत्तर किती लवकर आलं यावरून कुणाचं खातं इथे आहे आणि कुणाचं नाही हे बाहेरच्याला मोजता येतं. संदेशही दोन्हीकडे एकच ठेवलाय तो यासाठीच. तुलना नेहमी लायब्ररीच्या फंक्शननेच करा, दोन ओळी 'बरोबर'च्या चिन्हाने ताडून बघू नका.

संथ हॅशची एक उलटी बाजूही आहे: कुणी हजारो लॉगिन एकदम पाठवले तर सर्व्हर दमतो. म्हणून ठरावीक वेळात किती प्रयत्न चालतील यावर मर्यादा हवीच. पासवर्डच्या लांबीलाही वरची मर्यादा हवी, मात्र ती ऐसपैस ठेवा. २०१३ मध्ये जँगोत लक्षात आलं होतं की कुणी एक मेगाबाइटचा पासवर्ड पाठवला तर तो तपासण्यात सर्व्हरचा सुमारे एक मिनिट जातो.

पायरी ७: देवनागरीत पासवर्ड टाकणाऱ्यांना विसरू नका

हे इंग्रजी मार्गदर्शकांत सहसा सापडत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. मराठीत लांब वाक्य पासवर्ड म्हणून टाकणं ही चांगली सवय आहे, आणि आपल्या साइटने तिला साथ द्यायला हवी. पण दोन खड्डे आहेत.

पहिला बीक्रिप्टचा. ते फक्त पहिले ७२ बाइट बघतं. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, त्यामुळे तिकडे ७२ अक्षरं मिळतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं धरली जातात. हा पासवर्ड मोजून बघा: 'पायऱ्यांवरची पिवळी मांजर ७१'. पहिल्या शब्दात १२ चिन्हं, दुसऱ्यात ५, तिसऱ्यात ५. एकूण २२, म्हणजे ६६ बाइट. तीन मोकळ्या जागांचे ३, झाले ६९. '७' चे तीन मिळून ७२. शेवटचा '१' हद्दीबाहेर गेला. म्हणजे 'पायऱ्यांवरची पिवळी मांजर ७९' असं टाकलं तरी बीक्रिप्ट दोन्ही एकच समजेल. काही लायब्ररी हा भाग मुकाट्याने कापतात, काही चूक दाखवून थांबतात. तुमची काय करते ते करून बघा.

हा निव्वळ तांत्रिक कीस नाही. ओळख-व्यवस्था पुरवणाऱ्या ऑक्टा कंपनीने २०२४ मध्ये असाच एक दोष जाहीर केला. त्यांच्या एका कॅशच्या (तात्पुरत्या साठ्याच्या) चावीत खात्याचा क्रमांक, नाव आणि पासवर्ड असं जोडून बीक्रिप्टला दिलं जात होतं. नाव ५२ अक्षरांचं किंवा त्याहून मोठं असलं की पासवर्ड ७२ च्या पलीकडे ढकलला जाई, आणि काही परिस्थितीत पासवर्ड न तपासताच प्रवेश मिळू शके. आर्गॉन२आयडीला ही मर्यादा नाही. मराठी वापरकर्ते असलेल्या साइटसाठी मी ते आधी सुचवतो, त्याचं हे मोठं कारण.

दुसरा खड्डा 'ऱ'चा. 'पायऱ्या', 'सुट्टीवर जाणाऱ्या', 'तऱ्हा' यांतला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकाच स्वतंत्र चिन्हाने, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण बाइट वेगळे, म्हणून हॅशही पूर्ण वेगळा. फोनवर नोंदणी केलेल्या माणसाने कॉम्प्युटरवरच्या दुसऱ्या कीबोर्डने तोच पासवर्ड अचूक टाइप केला तरी 'चुकला' असं उत्तर येऊ शकतं, आणि बिचारा स्वतःलाच दोष देत बसतो. उपाय सोपा आहे. हॅश करण्याआधी मजकूर युनिकोडच्या एका ठरावीक रूपात आणा. एनएफकेसी हे रूप यासाठी चालतं आणि बहुतेक भाषांत त्याचं तयार फंक्शन असतं. मात्र नोंदणी, लॉगिन आणि पासवर्ड बदल या तिन्ही ठिकाणी ते लावायला विसरू नका. ७२ ची मोजणीही ते रूप आणल्यानंतरच करा.

पायरी ८: जुनं टेबल हाती आलं तर

नोकरीत पहिल्याच महिन्यात एमडी५ ने भरलेलं टेबल समोर येणं अगदी शक्य आहे. मूळ पासवर्ड तुमच्याकडे नाहीत, मग नवे हॅश कसे बनवणार? 'लोक लॉगिन करतील तसे बदलू' एवढ्यावर थांबू नका, कारण जे दोन वर्षं फिरकले नाहीत त्यांचे एमडी५ तसेच पडून राहतील.

आहे त्या एमडी५ च्या ३२ अक्षरांनाच पासवर्ड समजा आणि सगळ्या टेबलावर एका रात्रीत बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२आयडी चालवा. ओळीपुढे 'ही गुंडाळलेली आहे' अशी खूण ठेवा. लॉगिनला आधी एमडी५, मग त्यावर संथ हॅश, असं तपासा. जुळलं की त्या क्षणी खरा पासवर्ड तुमच्या हातात असतो, तेव्हा थेट नवा हॅश बनवून खूण काढून टाका. मग जुना एमडी५ कॉलम पुसा, आणि जुने बॅकअपही. ॲशली मॅडिसन या डेटिंग साइटच्या २०१५ मधल्या चोरीत पासवर्ड कॉस्ट १२ च्या बीक्रिप्टमध्ये नीट होते, पण दुसऱ्याच एका कॉलममध्ये पासवर्डपासून बनवलेला एमडी५ राहून गेला होता. त्या वाटेने १ कोटी १० लाखांहून जास्त पासवर्ड काही दिवसांत फुटले.

पायरी ९: टेबलाबाहेर पासवर्ड कुठे कुठे सांडतो ते शोधा

सगळ्यात आधी लॉग, म्हणजे सर्व्हर आपल्या कामाच्या नोंदी लिहितो त्या फाइली. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या सगळ्या, म्हणजे ३३ कोटी, वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं. बीक्रिप्ट व्यवस्थित लावलेलं होतं, पण हॅश होण्याआधीच पासवर्ड आतल्या एका लॉगमध्ये लिहिला जात होता. तुमच्या साइटवर 'झेंडूचेफूल' असा पासवर्ड टाकून खोटं खातं उघडा, मग सर्व्हरवरच्या सगळ्या लॉगमध्ये आणि डेटाबेसच्या डंपमध्ये तो शब्द शोधा. एकही ठिकाणी सापडता कामा नये.

'पासवर्ड विसरलात?' वर पासवर्ड ईमेल करू नका. नीट हॅश केला असेल तर तो तुम्हाला करताही येणार नाही. एकदाच चालणारी, थोड्या वेळात मुदत संपणारी लिंक पाठवा. त्या लिंकमधलं टोकनही टेबलात हॅश करूनच ठेवा, कारण ते हातात आलं की पासवर्ड बदलता येतो. टोकन लांब आणि यादृच्छिक असतं, त्याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून तिथे साधं एसएचए-२५६ पुरतं.

फक्त ब्राउझरमध्ये हॅश करून पाठवायची कल्पनाही डोक्यातून काढा. मग तो हॅशच पासवर्ड बनतो आणि टेबलातला चोरलेला हॅश तसाच पाठवून आत शिरता येतं. रस्त्यातल्या चोरीसाठी एचटीटीपीएस आहे.

'पेपर' (pepper, म्हणजे मिरी; सॉल्टचा जोडीदार) ही जादाची पायरी. सगळ्या साइटला मिळून एक गुप्त चावी डेटाबेसच्या बाहेर ठेवायची आणि ती हॅशमध्ये मिसळायची, म्हणजे नुसतं टेबल चोरून भागत नाही. चांगली आहे, पण चावी हरवली तर सगळेच बाहेर राहतात. आधीच्या आठ पायऱ्या पक्क्या झाल्यावरच तिच्याकडे वळा.

आणि शब्दयादीतले पासवर्ड नोंदणीच्या वेळीच नाकारा. ट्रॉय हंट यांच्या 'हॅव आय बीन पोन्ड' या सेवेत फुटलेल्या पासवर्डांची मोठी यादी आहे. तिला पूर्ण पासवर्ड द्यावा लागत नाही: त्याच्या एसएचए-१ हॅशची पहिली पाच अक्षरं पाठवायची, त्या पाच अक्षरांनी सुरू होणारे सगळे हॅश परत येतात, उरलेलं जुळवणं तुमच्या सर्व्हरवर होतं. '१२३४५६' वाल्या सुनीताला सॉल्ट जे देऊ शकत नाही ते इथे मिळतं.

आणि तरीही गळती झाली तर

भारतात साइट चालवत असाल तर काही गोष्टी कायद्याने ठरलेल्या आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनी संवेदनशील वैयक्तिक माहितीची यादी दिली, तिच्यात पहिलंच नाव पासवर्डचं आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत त्यांना कळवावी लागते. सहा तास फार थोडे असतात, म्हणून कुणी कळवायचं आणि कुठे, हे आजच एका कागदावर लिहून ठेवा.

वापरकर्त्यांनाही लगेच सांगा. सगळी चालू सत्रं बंद करा, पुढच्या लॉगिनला नवा पासवर्ड मागा, आणि पत्रात स्पष्ट लिहा: काय गेलं, कधी गेलं, पासवर्ड कोणत्या पद्धतीने हॅश केलेले होते. हाच पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरत असाल तर तिथलाही बदला, हे वाक्य त्या पत्रात अगदी वर, पहिल्या दोन ओळींत घाला. खालपर्यंत वाचणारे थोडेच असतात.